प्रकाशसंश्लेषणाचे थंडी आणि प्रकाशताणाशी अनुकूलन

प्रकाशसंश्लेषणाचे थंडी आणि प्रकाशताणाशी अनुकूलन म्हणजे कमी तापमान व प्रखर सूर्यप्रकाश एकत्र आले असता हरित वनस्पतींच्या प्रकाश शोषण्याच्या, तो वापरण्याच्या आणि जादा ऊर्जा टाकून देण्याच्या यंत्रणेत घडून येणारे बदल होत. यांतील काही बदल सेकंदा-मिनिटांत होतात व तितक्याच लवकर मागे घेतले जातात, तर काही संपूर्ण हिवाळाभर टिकतात. थंडीमुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते ही गोष्ट सर्वपरिचित आहे. मात्र थंडीत पानाला मुख्य धोका प्रकाश अपुरा पडण्याचा नसून तो अतिरिक्त होण्याचा असतो, ही बाब त्या मानाने कमी परिचित आहे. उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्ये वर्षभरात किती कार्बन शोषतात, रब्बीचा गहू हिवाळ्यात का वाढतो आणि त्याच थंडीत केळीची बाग का पिवळी पडते, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या अनुकूलनाशी निगडित आहेत.

मूळ असंतुलन

प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात हरितलवकातील थायलॅकॉइड पटलांवरचे हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते, सुटलेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्या वाहकाकडे जातात आणि एटीपी व एनएडीपीएच ही ऊर्जावाहक संयुगे तयार होतात. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे केल्विन चक्रात, ही संयुगे खर्च होऊन कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनते.

तापमान उतरल्याचा परिणाम या दोन टप्प्यांवर सारखा होत नाही. हरितद्रव्याच्या रेणूने फोटॉन शोषणे ही भौतिक घटना आहे. ती ३० °से. तापमानात जशी घडते, तशीच शून्याखालीही घडते. केल्विन चक्र मात्र विकरांच्या साहाय्याने चालते आणि तापमान १० अंशांनी उतरले की विकरांच्या अभिक्रियांचा वेग सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय इलेक्ट्रॉन वाहून नेणारे काही रेणू पटलाच्या स्निग्ध थरातून सरकत जातात. थंडीने तो थर घट्ट झाला की त्यांचीही हालचाल मंदावते. गुऱ्हाळात चरक त्याच गतीने फिरत राहावा आणि काहिलीखालचा जाळ मात्र विझत जावा, तशी ही स्थिती असते. रस येतच राहतो, पण तो आटवला जात नाही.

निरभ्र आकाशाखाली भरदुपारी दर चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त फोटॉन पडतात. बहुतेक वनस्पतींची पाने उबदार हवेतही हा सर्व प्रकाश वापरू शकत नाहीत. थंडीत वापरण्याची मर्यादा आणखी खाली येते, त्यामुळे एरवी सौम्य वाटणारे सकाळचे ऊनही पानासाठी जादा ठरू शकते. म्हणून प्रकाशताण ही केवळ उन्हाच्या प्रखरतेवर ठरणारी गोष्ट नाही. शोषलेली ऊर्जा आणि वापरली जाणारी ऊर्जा यांतील तफावत म्हणजे प्रकाशताण होय.

ही जादा ऊर्जा निरुपद्रवी नसते. उत्तेजित झालेला हरितद्रव्याचा रेणू काही नॅनोसेकंदच त्या अवस्थेत राहतो. तेवढ्यात ऊर्जेला वाट मिळाली नाही, तर तो त्रिक अवस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिक काळ टिकणाऱ्या अवस्थेत जातो आणि आपली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून एकक ऑक्सिजन हे अत्यंत अभिक्रियाशील रूप तयार होते. इलेक्ट्रॉन-साखळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एनएडीपीएच तयार व्हावयाचे असते, तिथे साखळी तुंबल्यास इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनवर जातात व सुपरऑक्साइड बनते. या अभिक्रियेचे वर्णन ॲलन मेहलर यांनी १९५१ मध्ये केले. अशा ऑक्सिजनमुळे प्रथिने, रंगद्रव्ये आणि पटलांतील मेद यांची मोडतोड होते. ज्या वायूच्या निर्मितीबद्दल प्रकाशसंश्लेषणाची ख्याती आहे, तोच इथे घातक ठरतो.

प्रकाशनिरोध

प्रखर प्रकाशामुळे प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता घटणे याला प्रकाशनिरोध म्हणतात. डच जीवभौतिकीविद बेसेल कोक यांनी १९५६ मध्ये या घटनेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे असे दिसून आले की आघाताचे प्रमुख स्थान प्रकाशप्रणाली २ हे असून तिच्या गाभ्यातील डी१ नावाचे प्रथिन वारंवार निकामी होते. ते निकामी होणे अपवादात्मक नाही. मंद प्रकाशातही थोड्या प्रमाणात ते घडतच असते. पान निकामी डी१ काढून टाकते, नवे बनवते आणि त्या जागी बसवते. जोवर दुरुस्तीचा वेग नुकसानीच्या वेगाइतका असतो, तोवर बाहेरून काहीही जाणवत नाही.

थंडीत नेमका हा समतोल ढळतो. नुकसान प्रकाशामुळे होते, त्यामुळे त्याचा वेग थंडीने फारसा कमी होत नाही. दुरुस्तीसाठी मात्र नवे प्रथिन बनवावे लागते आणि ते काम तापमानावर अवलंबून असते. म्हणून थंडीतील प्रकाशनिरोध म्हणजे पुष्कळदा वाढलेली मोडतोड नसून रखडलेली दुरुस्ती असते.

काही वनस्पतींत आघाताची जागा वेगळी असते. इचिरो तेराशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये काकडीच्या पानांवरील प्रयोगांतून दाखवले की कमी तापमानात, मध्यम प्रकाश असतानाही, तिच्यात प्रकाशप्रणाली १ निकामी होते. हे नुकसान अधिक गंभीर मानले जाते. प्रकाशप्रणाली २ साठी जशी तत्पर दुरुस्तीव्यवस्था आहे, तशी प्रकाशप्रणाली १ साठी नाही आणि तिला सावरण्यास बरेच दिवस लागतात.

प्रकाशनिरोधाला केवळ इजा समजणे योग्य नाही, असे मत आता बऱ्याच अभ्यासकांचे आहे. कार्यक्षमतेतील घट हा कधी खरोखरीचा बिघाड असतो, तर कधी वनस्पतीने स्वतः लावून घेतलेला ब्रेक असतो. दोन्हींत मापनयंत्रावर आकडा सारखाच घसरलेला दिसतो, म्हणून केवळ आकड्यावरून निष्कर्ष काढताना गफलत होऊ शकते.

ऊर्जेचे उष्णतेत विसर्जन

जादा ऊर्जेची विल्हेवाट लावण्याचा सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे ती रासायनिक कामाला न लावता उष्णतेच्या रूपात सोडून देणे. यात झँथोफिल वर्गातील पिवळ्या रंगद्रव्यांची भूमिका मध्यवर्ती असते. सोव्हिएत संशोधक द. इ. सापोझ्निकोव्ह यांनी १९५७ मध्ये प्रकाशात या रंगद्रव्यांचे प्रमाण बदलते असे नोंदवले. हॅरी यामामोटो व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्यामागील चक्राची मांडणी केली. चक्राचा उपयोग मात्र त्यानंतर जवळजवळ पाव शतक अस्पष्टच राहिला. बार्बरा डेमिग आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये झिॲझँथिन या रंगद्रव्याचे वाढते प्रमाण व उष्णतेच्या रूपातील विसर्जन यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हा या चक्राला अर्थ प्राप्त झाला.

हे चक्र असे चालते. प्रकाश जादा झाला की थायलॅकॉइडच्या पोकळीत हायड्रोजन आयन साठतात आणि ती आम्लधर्मी होते. या आम्लतेमुळे एक विकर कार्यान्वित होते व ते व्हायोलाझँथिनचे टप्प्याटप्प्याने झिॲझँथिनमध्ये रूपांतर करते. या अभिक्रियेसाठी क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, लागते. प्रकाश ओसरला की दुसरे विकर झिॲझँथिनचे पुन्हा व्हायोलाझँथिन करते. थोडक्यात, साखळी तुंबल्याची खूण असलेली आम्लताच तुंबलेली ऊर्जा सोडण्याची झडप उघडते. तिच्यासाठी वेगळ्या संवेदकाची गरज राहत नाही.

झिॲझँथिन असूनही विसर्जन वेगाने सुरू होत नाही, असे अराबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीचे एक उत्परिवर्तित रूप कृष्ण नियोगी यांच्या गटाला आढळले. त्यात पीएसबीएस या प्रथिनाचा अभाव होता, असे २००० मध्ये सिद्ध झाले. हे प्रथिन आम्लता ओळखून प्रकाशग्राही प्रथिनांची मांडणी बदलण्यास मदत करते.

ही यंत्रणा नसेल तर वनस्पतीचे किती बिघडते, हा प्रश्न उरला. स्वीडनमधील उमेओ येथे कुल्हाइम, ओग्रेन आणि यान्सन यांनी पीएसबीएस नसलेली रोपे प्रयोगशाळेतील स्थिर प्रकाशात वाढवली, तेव्हा ती इतरांसारखीच वाढली. तीच रोपे उघड्यावर, ढग-उन्हाच्या लपंडावात लावल्यावर त्यांना बी कमी धरले. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत निरुपयोगी वाटणारी गोष्ट शेतात निर्णायक ठरते, याचे हे उदाहरण या क्षेत्रात वारंवार दिले जाते आणि ते योग्यच आहे.

विसर्जनाखेरीज इतर वाटाही आहेत. सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड निष्प्रभ करणारी विकरे, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ग्लुटाथायोन मिळून इलेक्ट्रॉन अखेर पुन्हा पाण्यापर्यंत पोहोचवतात. पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉन पाण्यातच परत येतो म्हणून कोझी असादा यांनी या मार्गाला ‘पाणी-पाणी चक्र’ असे नाव दिले. आल्प्स पर्वतातील रॅनन्क्युलस ग्लेशियालिस या वनस्पतीत इलेक्ट्रॉन-साखळीच्या मधूनच ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन वळवणारे एक विकर विपुल आढळते. पेशीतील हरितलवकेही जागा बदलतात. प्रखर प्रकाशात ती पेशीच्या बाजूच्या भिंतींशी सरकून एकमेकांच्या सावलीत येतात. मार्केन्शिया या यकृतकात असे दिसून आले आहे की निळा प्रकाश ओळखणारे फोटोट्रॉपिन हे प्रथिन तापमानाचीही जाणीव ठेवते. त्यामुळे थंडीत, प्रकाश मंद असतानाही, हरितलवके आडोशाला जातात.

अँथोसायानिन या लाल-जांभळ्या रंगद्रव्याबद्दल मतभेद आहेत. थंडीत अनेक पाने तांबूस होतात. आपल्याकडे कोशिंब, पिंपळ, आंबा यांची कोवळी पालवी तांबडी असते. तिथे थंडीचा संबंध नसला तरी प्रकाश वापरण्याची क्षमता पुरती विकसित न झालेले पान हा समान दुवा आहे. हा रंग पानावर छत्रीसारखा काम करतो, असे एक मत आहे. कीटकांना दूर ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य असल्याचे दुसरे मत आहे.

थंडीत वाढणारी पिके

हिवाळी गहू, राय, पालक यांसारख्या वनस्पती थंडीत प्रकाशसंश्लेषण थांबवत नाहीत, उलट ते वाढवतात. उबदार हवेत वाढलेले रोप एकाएकी ५ °से. तापमानात नेले तर आधी त्याची कोंडी होते आणि त्या कोंडीचे मूळ बहुधा शर्करेच्या निर्मितीत असते. हरितलवकातून बाहेर आलेल्या शर्करा-फॉस्फेटांपासून सुक्रोज बनवण्याचे काम थंडीत मागे पडते. त्यामुळे पेशीतील फॉस्फेट या मध्यवर्ती संयुगांत अडकून राहते. ते हरितलवकाकडे परतले नाही की एटीपी बनवण्यासाठी कच्चा माल उरत नाही आणि सगळी साखळी मागून तुंबत जाते.

रोप थंडीतच वाढले, किंवा त्याची नवी पाने थंडीत फुटली, तर चित्र पालटते. अशा पानांत केल्विन चक्राची आणि सुक्रोज बनवणारी विकरे अधिक प्रमाणात तयार केली जातात. विकर मंद झाले म्हणून त्याची संख्या वाढवायची, असा हा सरळ उपाय आहे. पाने जाड व आखूड होतात, रोप जमिनीलगत बसके राहते आणि साठलेली शर्करा पेशींना गोठण्यापासून वाचवण्यासही उपयोगी पडते. आधीच पूर्ण वाढलेले पान मात्र थंडीशी अर्धवटच जुळवून घेते.

थंडी आली हे रोपाला कळते कसे, यासंबंधी कॅनडातील नॉर्मन ह्युनर यांच्या गटाचे काम महत्त्वाचे आहे. त्यांनी हिवाळी राय कमी तापमान व मध्यम प्रकाशात, तसेच २० °से. तापमान व प्रखर प्रकाशात वाढवली. दोन्हीकडे रोपे सारखीच बसकी झाली व प्रकाशनिरोधाला सारखीच दाद देईनाशी झाली. क्लोरेला या एकपेशीय शैवालातही थंडीत वाढलेल्या पेशी प्रखर प्रकाशात वाढलेल्या पेशींसारख्याच पिवळसर दिसतात. यावरून प्रकाशप्रणाली २ वर किती ऊर्जा तुंबली आहे, हीच पेशीसाठी एक सूचना असते, असा निष्कर्ष निघाला. ह्युनर यांनी तिला उत्तेजन-दाब असे म्हटले. अर्थात थंडी ओळखण्याच्या इतर यंत्रणाही वनस्पतींत आहेत आणि प्रत्येक बदल उत्तेजन-दाबाने स्पष्ट करता येत नाही.

सूचिपर्णी वृक्षांचा हिवाळा

पाइन, स्प्रूस यांसारख्या सदाहरित सूचिपर्णी वृक्षांनी याच्या नेमका उलटा मार्ग स्वीकारला आहे. स्कँडिनेव्हिया, सायबेरिया व कॅनडातील अरण्यांत हिवाळ्यात पाणी गोठलेले असते, वाढ थांबलेली असते आणि शर्करेला ग्राहक नसतो. तरीही पाने हिरवी असतात व प्रकाश शोषत राहतात. सर्वांत बिकट काळ भर हिवाळ्याचा नसून हिवाळा सरतानाचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो, बर्फावरून प्रकाश परावर्तित होतो, पण जमीन गोठलेली असते.

स्कॉट्स पाइनच्या सुयांत शरद ऋतूपासून हरितद्रव्य काही प्रमाणात घटते, प्रकाशप्रणाली २ च्या अनेक अभिक्रिया-केंद्रांचे विघटन होते आणि उरलेल्या प्रकाशग्राही प्रथिनांची विसर्जनास अनुकूल अशी फेररचना होते. उन्हाळ्यात रोज रात्री मावळणारे झिॲझँथिन हिवाळ्यात रात्रीही टिकून राहते. विल्यम ॲडम्स व बार्बरा डेमिग-ॲडम्स यांनी कोलोरॅडोतील पर्वतांत याचा दीर्घ अभ्यास केला. तिथल्या सूचिपर्णी वृक्षांनी प्रकाशसंश्लेषणाला टाळे लावले असताना, त्याच परिसरातील माल्व्हा ही रानवनस्पती हिवाळ्यात ते चालू ठेवत होती. एकाच थंडीला, एकाच उन्हाला दिलेली ही दोन टोकांची उत्तरे आहेत. वाढ चालू ठेवू शकणाऱ्या वनस्पतीला ऊर्जा हवी असते. वाढ थांबवलेल्या वृक्षाला ती टाकून द्यावी लागते.

उमेओ येथील संशोधकांनी २०२० मध्ये आणखी एक वाट दाखवून दिली. हिवाळ्यात स्कॉट्स पाइनच्या थायलॅकॉइडांच्या एकमेकींवर रचलेल्या चळती सैल होतात. एरवी वेगवेगळ्या भागांत असलेल्या दोन्ही प्रकाशप्रणाली त्यामुळे जवळ येतात आणि प्रकाशप्रणाली २ वरील ऊर्जा थेट प्रकाशप्रणाली १ कडे जाऊन तिथे सुरक्षितपणे विरते.

हिवाळ्यात तोडलेली फांदी उबदार खोलीत मंद प्रकाशात ठेवली, तर काही दिवसांतच तिच्या सुया पुष्कळशा पूर्ववत होतात. निसर्गात हे सावरणे सलग होत नाही. फिनलंडमधील ह्युतियाला येथील संशोधन केंद्रात पाइनच्या फांद्यांवर वर्षानुवर्षे मापन चालू आहे. वसंतातील प्रकाशसंश्लेषणाची क्षमता त्या दिवसाच्या तापमानापेक्षा मागील काही दिवसांच्या तापमानाच्या इतिहासावर अवलंबून असते, असे त्यातून दिसते. मध्येच थंडीची लाट आली की क्षमता पुन्हा खाली येते. सायबेरियातील पाइनच्या अरण्यांतही अशीच माघार नोंदवली गेली आहे.

हवामानबदलाच्या संदर्भात यामुळे एक सोपे गृहीतक अडचणीत येते. शरद ऋतू उबदार झाला की अरण्ये अधिक काळ कार्बन शोषतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जॅक पाइनच्या रोपांवर शरद ऋतूसारखे लहान दिवस व जास्त तापमान असा प्रयोग केला असता कार्बनचा लाभ वाढला नाही. केवळ जादा ऊर्जा टाकून देण्याची पद्धत बदलली. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवस लहान होणे ही खूण रोप तापमानाइतकीच गांभीर्याने घेते आणि उबदार हवेने दिवसाची लांबी बदलत नाही.

हिम-निलगिरीची रोपे

थंडी व प्रकाश यांच्या संयुक्त परिणामाचे ठळक भूदृश्य आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या पर्वतांत पाहावयास मिळते. तेथील वृक्षरेषेजवळ हिम-निलगिरी या वृक्षाची कोवळी रोपे मोठ्या झाडांच्या सर्व बाजूंना सारखी उगवलेली दिसत नाहीत. ती प्रामुख्याने दक्षिणेच्या बाजूला असतात. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जात असल्याने ती सावलीची बाजू होय. थंड प्रदेशातील रोपाने उबदार, उन्हाची बाजू सोडून सावलीत तग धरावा, हे वरवर पाहता उलटे वाटते.

मॅरिलिन बॉल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. कडाक्याच्या रात्रीनंतर गारठलेल्या पानांवर सकाळचे थेट ऊन पडले की तीव्र प्रकाशनिरोध होतो व रोप हिवाळाभर कमकुवत राहते. सावलीतील रोपाला थंडी जवळपास तेवढीच असते, पण प्रकाशाचा भार कमी असतो. वृक्षरेषा केवळ थंडीने आखली जाते, या समजुतीला या निरीक्षणाने पुस्ती जोडली.

उष्ण प्रदेशातील वनस्पती

उष्ण कटिबंधात उत्क्रांत झालेल्या वनस्पतींना गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, सुमारे १० ते १२ °से. खाली, इजा होऊ लागते. पटलांतील मेदाम्ले किती संपृक्त आहेत यावर हे काही अंशी अवलंबून असते. असंपृक्त मेदाम्ले थंडीतही पटल प्रवाही ठेवतात. नोरिओ मुराता व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तंबाखूच्या रोपांत एकाच विकराचे जनुक बदलून त्यांची थंडी सोसण्याची क्षमता बदलून दाखवली. नंतरच्या कामातून असे दिसले की असंपृक्त मेदाम्लांमुळे नुकसान टळत नाही, तर त्यातून सावरणे सोपे होते.

मक्यासारख्या सी४ वनस्पतींत आणखी एक कच्चा दुवा आहे. त्यांच्या कार्बन-सांद्रीकरणात भाग घेणारे पीपीडीके हे विकर चार घटकांचे बनलेले असते आणि थंडीत ते घटक विलग होऊन निष्क्रिय होतात. म्हणून गारठ्यात उगवलेल्या मक्याची पाने फिकट व अकार्यक्षम राहतात. मक्याचेच नातलग असलेले मिस्कँथस हे गवत मात्र १४ °से. तापमानात वाढूनही चांगले प्रकाशसंश्लेषण करते. ते पीपीडीके अधिक प्रमाणात बनवते. सी४ वनस्पती थंडीत तग धरूच शकत नाहीत, हा समज त्यामुळे मागे पडला.

खानदेशात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली गेला की केळीची पाने पिवळी पडतात, करपतात व नवे पान निघण्याचा वेग कमी होतो. शेतकरी यालाच ‘चरका’ म्हणतात. या इजेत मुळांचे मंदावलेले कार्य व पाण्याचा तुटवडा यांचाही वाटा असतो, त्यामुळे सगळे खापर प्रकाशनिरोधावर फोडता येत नाही. तथापि थंड रात्रीमागून येणारे निरभ्र, लख्ख ऊन ही महाराष्ट्राच्या हिवाळ्याची नेहमीची जोडी या ताणाला पोषकच आहे. त्याच शिवारातील गहू व हरभरा यांना ही थंडी मानवते.

मापन

हे सारे पान न तोडता मोजता येते, ते हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीमुळे. शोषलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग हरितद्रव्य तांबड्या व अवरक्तालगतच्या प्रकाशाच्या रूपात परत सोडते. अंधारातील पान एकदम उजेडात आणले की ही प्रतिदीप्ती ठरावीक तऱ्हेने वाढते व उतरते, असे हान्स काउट्स्की व ए. हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाची प्रकाशप्रणाली २ ची कमाल कार्यक्षमता या पद्धतीने सुमारे ०.८३ भरते. वनस्पतींच्या निरनिराळ्या जातींत हा आकडा जवळपास सारखाच असतो. हिवाळ्यातील पाइनच्या सुयांत तो पुष्कळ खाली येतो.

उपग्रहांद्वारे केल्या जाणाऱ्या निरीक्षणांतही याचा उपयोग होतो. सदाहरित अरण्य हिवाळ्यातही हिरवेच दिसते, त्यामुळे केवळ हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकांना त्याचे प्रकाशसंश्लेषण थांबल्याचे नीट कळत नाही. सूर्यप्रकाशामुळे निघणाऱ्या प्रतिदीप्तीतून ते कळते. कोलोरॅडोतील नायवॉट रिज येथील सूचिपर्णी अरण्यात मनोऱ्यावरून घेतलेल्या मोजमापांत प्रतिदीप्ती व प्रकाशसंश्लेषण हिवाळ्यात एकत्र खाली जातात व वसंतात एकत्र वर येतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. झँथोफिल चक्रामुळे ५३१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास पानाच्या परावर्तनात होणारा सूक्ष्म बदलही याच कामी वापरला जातो.

पीकसुधारणेतील प्रयत्न

संरक्षणाची किंमत असते. ढग आला की ऊन क्षणात उतरते, पण विसर्जनाची झडप मिटण्यास कित्येक मिनिटे लागतात. तेवढा काळ वापरता आली असती अशी ऊर्जाही उष्णतेत जाते. थंडीत झिॲझँथिनचे परतीचे रूपांतर आणखी मंद असल्याने हा तोटा वाढतो. झडप लवकर मिटावी म्हणून झँथोफिल चक्राची दोन्ही विकरे व पीएसबीएस यांची निर्मिती तंबाखूत वाढवण्यात आली. इलिनॉयमधील शेतात अशा रोपांचे शुष्क वजन सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सोयाबीनमध्ये हाच बदल केल्यावर पहिल्या वर्षी उत्पादन सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या वर्षी पीक लोळल्यामुळे असा फरक स्पष्टपणे दिसला नाही. अराबिडॉप्सिसमध्ये तर याच बदलाने वाढ कमी झाली. त्यामुळे एका पिकात यशस्वी ठरलेला उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. थंड प्रदेशातील पिकांत झडप सैल करताना गारठलेल्या सकाळच्या उन्हापासून मिळणारे संरक्षण कायम राहते की नाही, हेही शेतातच तपासून पाहावे लागेल.